घाटातल्या इंजिनाला कोणता पिस्टन?

दसऱ्याच्या आधीचे दीड-दोन महिने धाराशिव जिल्ह्यातल्या गॅरेजांना उसंत नसते. साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला असतो. ऊसतोड टोळ्यांना उचल देऊन झालेली असते, वाहतुकीचे करार झालेले असतात. पावसाळाभर घरापुढे उभी असलेली गाडी एकदा हंगामात शिरली की चार-पाच महिने तिला थांबायची मुभा नसते. त्यामुळे ज्या इंजिनाचे काम काढायचे, ते याच दिवसांत काढतात. सोलापूर–हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग ओलांडून उमरग्याकडे निघाले की कडेला अशी बरीच गॅरेजे लागतात. त्यांतल्या एका गॅरेजात मी या दिवसांत जाऊन बसतो. पत्र्याचे छप्पर, समोर डिझेलने काळी झालेली जमीन, आत लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला ब्लॉक. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात. इंजिन बांधण्यात त्यांचा हात धरणारा या पट्ट्यात मी तरी पाहिलेला नाही.

त्यांच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत टाटाचे ६९७ इंजिन अजून पुष्कळ दिसते. आकड्यातच त्याचे माप आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक १२८ मिलिमीटर, एकूण आकारमान पावणेसहा लिटरच्या किंचित खाली. टाटांनी १९५४ साली मर्सिडीज-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले आणि तो करार १९६९ पर्यंत चालला. नेमक्या याच बोअर-स्ट्रोकचे इंजिन मर्सिडीजने १९६४ मध्ये ओएम ३५२ या नावाने आणले होते. १६१२, १६१३ या गाड्यांनी आणि एसटीच्या कित्येक बसगाड्यांनी या इंजिनावर मराठवाड्याचे रस्ते तुडवले. सहा सिलिंडर एका ओळीत असलेले इंजिन आपल्याकडच्या सामान्य माणसाला भेटते ते या रूपात.

त्या दिवशी आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने तक्रार एका दमात सांगितली. "उस्ताद, कारखान्यावर दोन खेपा झाल्या की लिटरभर आइल घालायलाव. अन् घाटात निळा धूर मारायलीय." उस्तादांनी इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण काढले. आतून भसभस वाफारा आला. "बॅक मारायलंय," एवढेच ते म्हणाले. सिलिंडरमधला दाब रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये उतरत होता. वरवरच्या, हाफ इंजिनच्या कामाने भागणार नव्हते. पिस्टन-लाइनर बदलायचे ठरले, आणि मालकाने लगेच सांगून टाकले, "चांगले वजनदार पिस्टन टाका. घाटात गाडी चालती आमची."

वजनदार म्हणजे मजबूत, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. पिस्टनच्या बाबतीत ती उलटी पडते.

पिस्टनवर दोन तऱ्हेचे जोर येतात. पहिला स्फोटाचा. सिलिंडरमधला कमाल दाब ८० बार धरला, तर ९७ मिलिमीटरच्या माथ्यावर साधारण सहा टनांचा भार पडतो. तो पिस्टनला खाली ढकलतो आणि पिस्टनला जोडणाऱ्या गजनपिनमधून कनेक्टिंग रॉडवर जातो. दुसरा जोर पिस्टनच्या स्वतःच्या वजनाचा. हे इंजिन २८०० फेऱ्यांवर पळते तेव्हा पिस्टन सेकंदाला सत्तेचाळीस वेळा वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो. वरच्या टोकाला उलटताना त्याला गुरुत्वाच्या सुमारे ७०० पट त्वरण सोसावे लागते. एक किलो वजन धरले तर त्या क्षणी रॉडला ७०० किलोंची ओढ बसते. शिवाय ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. फेऱ्या दुप्पट झाल्या की ओढ चौपट.

डिझेल ट्रकला इतक्या फेऱ्या कुठून येणार, पंपाचा गव्हर्नर आहे की, असे कोणी म्हणेल. गव्हर्नर फक्त डिझेल तोडतो. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने सोलापूरकडे उतरताना खालच्या गिअरात चाकेच इंजिनाला फिरवतात, तिथे गव्हर्नरचे काही चालत नाही. ड्रायव्हरने गिअर चुकीचा धरला किंवा ब्रेक तापले म्हणून इंजिनावरच सगळा भार टाकला, की काटा लाल पट्टीच्या पार जातो. २८०० ऐवजी ३५०० फेऱ्या झाल्या तर तीच ओढ ७०० पटीवरून अकराशे पटीवर जाते. वर डिझेल जळत नाही, त्यामुळे पिस्टनला वरून दाबून धरणाराही कोणी नाही. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पूर्ण वजन गजनपिन आणि रॉडचे बोल्ट खेचून खाली आणतात. येरमाळ्याच्या घाटात इंजिनाने रॉड बाहेर टाकला असे ऐकू येते, तेव्हा दोष चढाला दिला जातो. उस्ताद मात्र आधी उतार कसा उतरला ते विचारतात.

घाटात चालणाऱ्या गाडीला जड पिस्टन म्हणजे उतारावर रॉडच्या गळ्यात आणखी ओझे. मालकाला हे पटायला वेळ लागला.

इंजिन उघडल्यावर खरे वाचन सुरू झाले. उस्ताद जुने पिस्टन कधी लगेच भंगारात टाकत नाहीत. एक ते सहा क्रमाने फळीवर मांडतात, माथ्यावर खडूने आकडे लिहितात आणि चहा होईपर्यंत त्यांच्याकडे पाहत बसतात. नव्या पिस्टनची निवड इथे होते, दुकानात नाही, हे मला त्यांच्याकडे बसून कळले. दुसऱ्या आणि पाचव्या पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हची अर्धगोल खूण उमटलेली होती. फेऱ्या इतक्या वाढल्या होत्या की स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेवर मागे ओढू शकली नव्हती आणि वर येणाऱ्या पिस्टनने त्याला गाठले होते. उतारावर काय झाले याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. तिसऱ्याच्या अंगावर एकाच बाजूला उभे ओरखडे होते. त्या सिलिंडरचा नोझल फवारा न मारता थेंब गाळत होता आणि डिझेलने लाइनरवरचे तेल धुऊन काढले होते. सहाव्यावर चारही कोपऱ्यांना घासल्याच्या खुणा होत्या. म्हणजे पिस्टन तापून फुगला आणि लाइनरमध्ये अडला.

सहावा म्हणजे मागचा, केबिनच्या बाजूचा. पाण्याच्या वाटेत तिथे खवल्यांचा थर साचला होता. हा थर आपल्याकडच्या गाड्यांत हमखास सापडतो, कारण रेडिएटरमध्ये बोअरवेलचे पाणी ओतले जाते. बेसाल्टच्या खडकातून आलेले हे जड पाणी ज्या वाफाळत्या जागेवर फिरते, तिथे चुन्याचा लेप चढवते. त्या लेपातून उष्णता बाहेर पडत नाही. कितीही भारी पिस्टन टाकला तरी ही वाट साफ केल्याशिवाय तो टिकणार नाही.

मग मापे. लाइनर सगळ्यात जास्त झिजतो तो वरच्या भागात, जिथे पहिली रिंग येऊन थांबते. तिथे उष्णता जास्त, तेल कमी, आणि एअर क्लीनरमधून निसटलेली धूळ आधी तिथेच पोहोचते. उस्ताद बोअर गेज वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, दर ठिकाणी आडवा-उभा लावतात आणि सहा सिलिंडरांचे आकडे वहीत उतरवतात. या इंजिनाच्या जुन्या लाइनरमध्ये ओव्हरसाइज पिस्टन बसवण्याइतके मटेरियल उरले नव्हते. नवे लाइनर दाबून बसवायचे, बोअर-होनिंग करून घ्यायचे आणि स्टँडर्ड पिस्टन टाकायचे, असा निर्णय झाला. बोअरिंगचे काम सोलापूरला गेले.

पिस्टन गोल नसतो, हे मी त्या फळीपाशी पहिल्यांदा नीट पाहिले. उस्तादांनी मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. पिनच्या दिशेने माप कमी आले, त्याला काटकोनात जास्त. माथ्याकडे आणखी कमी. ॲल्युमिनियमचा हा मिश्रधातू बिडाच्या लाइनरपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतो. माथ्याचे तापमान दोनशे अंशांनी वाढले तर ९७ मिलिमीटरचा पिस्टन तिथे जवळपास ०.३९ मिलिमीटर वाढतो. लाइनर शंभर अंशांनी तापला तरी तो जेमतेम ०.१० वाढतो. म्हणून माथा मुद्दाम बारीक ठेवतात. पिनच्या बाजूला धातू जाड असतो आणि तो तापल्यावर त्या दिशेला जास्त पसरतो, म्हणून तिथे अंडाकार. गार असताना वाकडा दिसणारा पिस्टन तापल्यावर गोल होतो. त्यामुळे पिस्टन आणि लाइनरमधला क्लिअरन्स घ्यायचा तो कंपनीने सांगितलेल्या उंचीवर, स्कर्टच्या खालच्या भागात, पिनला काटकोनात. वाटेल तिथे माप घेतले, तर इंजिन एक तर जाम होते, नाही तर थंडीत खडखडते.

खरेदीला मी उस्तादांबरोबर गेलो. दुकानाच्या फळीवर गाझियाबादच्या श्रीराम पिस्टन्सचा उषा, गोएट्झे, चेन्नईचा इंडिया पिस्टन्स, कोल्हापूरजवळ शिरोलीच्या मेनन पिस्टन्सचा माल. नाव चांगले असणे महत्त्वाचे, पण उस्ताद नावावर थांबत नाहीत. ते खोके उघडून पिस्टन उलटा करतात. डिझेलच्या पिस्टनला माथ्यात वाडग्यासारखा खोलगट भाग असतो आणि नोझलचा फवारा नेमका त्यात पडायचा असतो. ६९७ साधे आणि ६९७ टर्बो यांचे पिस्टन बोअरला सारखे दिसले तरी अदलाबदल करायचे नसतात. टर्बोच्या पिस्टनवर दाब आणि उष्णता जास्त, त्यामुळे वाडग्याची घडण आणि पहिल्या रिंगची खाच वेगळी. चांगल्या डिझेल पिस्टनमध्ये त्या खाचेभोवती लोखंडी कडे ॲल्युमिनियममध्ये ओतून बसवलेले असते, कारण नुसती ॲल्युमिनियमची खाच रिंगच्या हादऱ्यांनी लवकर पसरते. दुकानदाराने "चालतंय सगळ्याला" म्हणताच उस्तादांनी खोके बंद करून परत दिले.

मालक शहरातून ऐकून आला होता की फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले, पिस्टन सगळ्यात उत्तम. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण जगात जिथे एका ओळीतले सहा सिलिंडर खरोखर जोरात फिरवतात, तिथे शर्यतीसाठी इंजिन बांधणारे बहुधा तेच टाकतात. निस्सानच्या जुन्या जीटी-आरमधले आरबी२६ इंजिन घ्या. बोअर ८६, स्ट्रोक फक्त ७३.७ मिलिमीटर आणि फेऱ्या आठ हजारांपर्यंत. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम-थ्रीमधले एस५४ तर ९१ मिलिमीटरच्या स्ट्रोकवर आठ हजार फेऱ्या घेते. त्यात पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला चोवीस मीटर होतो, आपल्या ६९७ च्या दुप्पट. आरबी२६ मध्ये आठ हजारांवर पिस्टनला वरच्या टोकाला सुमारे ३४०० पट त्वरण सोसावे लागते. तिथे एकेक ग्रॅम कमी करतात, स्कर्ट आखूड ठेवतात, पिन बारीक करतात.

पण फोर्ज्डचेही प्रकार आहेत. सुमारे बारा टक्के सिलिकॉन असलेला मिश्रधातू कमी फुगतो, क्लिअरन्स कमी ठेवता येतो, गार इंजिन आवाज करत नाही. शर्यतीच्या इंजिनात वापरतात त्या २६१८ या मिश्रधातूमध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतो. तो तडकण्याऐवजी वाकतो, पण फुगतो जास्त आणि झिजतोही लवकर. शर्यतीनंतर इंजिन खोलणाऱ्याला ते परवडते. लाखो किलोमीटर चालणाऱ्या उसाच्या गाडीला ओतीव पिस्टनच योग्य. माझे मत विचाराल तर ट्रकसाठी फोर्ज्डच्या मागे लागणाऱ्याने तो पैसा नोझल, रेडिएटर आणि रॉडच्या नव्या बोल्टांवर घालावा.

दुकानातून निवडलेला संच गॅरेजात आला आणि उस्तादांनी एक लहान इलेक्ट्रॉनिक काटा काढला, सराफाकडे असतो तसा. सहाही पिस्टन पिन आणि सर्कलिपसह एकेक करून तोलले. सहा सिलिंडरांच्या ओळीची थोरवी तिच्या तोलात आहे. पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा असे जोडीने वर-खाली होतात, जोड्यांमध्ये १२० अंशांचे अंतर असते आणि प्रत्येकाचा धक्का इतरांच्या धक्क्यात विरून जातो. म्हणून या इंजिनाला वेगळा बॅलन्स शाफ्ट लागत नाही. पण ही रचना सहाही वजने सारखी असल्याचे गृहीत धरते. एक पिस्टन दहा ग्रॅमने जड असेल तर २८०० फेऱ्यांवर सात किलोंचा वेगळा धक्का सेकंदाला सत्तेचाळीस वेळा बसतो. आरबी२६ सारख्या इंजिनात आठ हजारांवर तोच दहा ग्रॅमचा फरक चौतीस किलोंचा होतो. एकच पिस्टन फुटला म्हणून सुटा एक आणून बसवणारे पुष्कळ आहेत. तो संचातल्या इतरांच्या वजनाचा आहे का, हे कोणी पाहत नाही. आमच्या संचात एक पिस्टन इतरांपेक्षा जड निघाला. उस्तादांनी तो घासत बसण्याऐवजी पूर्ण संच बदलून आणला. "घासून जमंल, पण कुठनं घासायचं ते कंपनीला माहीत. आपण पिनच्या बुडातनं काढलं अन् तिथंच चीर गेली तर?"

वजनानंतर उंची. गजनपिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचे अंतर सहाही पिस्टनांत सारखे हवे आणि मूळ मापाचे हवे. कॉम्प्रेशन १७ धरले, तर या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला असताना जळायला उरणारी जागा एका सिलिंडरमागे सुमारे ५९ घनसेंटिमीटर असते. पिस्टन अर्धा मिलिमीटर खाली राहिला तर तीत पावणेचार घनसेंटिमीटरची भर पडते आणि कॉम्प्रेशन सोळावर येते. डिसेंबरच्या पहाटे कारखान्याच्या रांगेत गाडी चालू होईना, पांढरा धूर टाकू लागली, तर दोष बॅटरीवर जातो. उलट पिस्टन अर्धा मिलिमीटर वर आला तर व्हॉल्व्हला भिडू शकतो. उस्ताद ब्लॉकच्या वरच्या तळावर डायल गेज ठेवून सहाही पिस्टनांची उंची मोजतात. हेड आधी घासलेले असेल तर हा हिशेब आणखी काटेकोर.

पुढची जोडणी त्यांनी भराभर केली. पिस्टन गरम पाण्यात ठेवून गजनपिन अंगठ्याने सरकवली, हातोडा लावला नाही. प्रत्येक रिंग आधी रिकाम्या लाइनरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने गॅप पाहिला. ९७ च्या बोअरला साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास तो हवा असतो. रिंगांची तोंडे एकाखाली एक येऊ दिली नाहीत. रॉडचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले आणि प्रत्येक पिस्टन बसल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहिली.

याच गॅरेजात बोअरवेल मारणाऱ्या रिगचे इंजिनही कधीकधी येते. पाणी खोल गेलेल्या या जिल्ह्यात उन्हाळ्यात या गाड्या रात्रंदिवस चालतात, आणि कॉम्प्रेसर फिरवणारे इंजिन बेचाळीस अंशांच्या उन्हात जागेवर उभे राहून तासन्‌तास एकाच चढ्या फेऱ्यांवर पळते. गाडी हलत नाही, समोरून वारा लागत नाही. तिथे निवडीचा कौल वेगळा पडतो. उतारावरची अचानक ओढ नसते, पण उष्णतेला खंड नसतो. म्हणून वाडग्याची कड, पहिल्या रिंगची खाच आणि पिस्टनच्या पोटाला तेल मारणारे फवारे आधी पाहायचे. टाटा-कमिन्सचे १०२ मिलिमीटर बोअर आणि १२० स्ट्रोकचे सहा सिलिंडरी इंजिन आणि आपले ६९७ शेजारी ठेवले तर सिलिंडर तितकेच, आकारमानही फार लांब नाही. तरी एकाचा अनुभव दुसऱ्याला लावायचा नाही, हे उस्ताद पोरांना पुन्हापुन्हा सांगतात.

मालक शेवटपर्यंत शेजारी बसून होता. त्याने वजनदार पिस्टनचा हट्ट सोडला आणि उतारावर गाडी धरणारा एक्झॉस्ट ब्रेक दुरुस्त करून घेतला. घाट ज्या गिअरात चढायचा, त्याच गिअरात उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत उस्तादांनी त्याच्या पोराला समोर बसवून सांगितली. सुरुवातीला पूर्ण वजन भरायचे नाही, पण गाडी नुसती जागेवर चालू ठेवून रिंगा बसवायचा प्रयत्नही करायचा नाही, हेही बजावले. भार हळूहळू वाढत गेला तरच रिंगा लाइनरला धरतात.

हंगामाआधी इंजिनाचे काम काढणाऱ्या मालकांना माझे एवढेच सांगणे आहे. जुने सहाही पिस्टन मांडून दाखवा म्हणा आणि ते का गेले ते विचारा. बोअरवेलचे पाणी रेडिएटरमध्ये ओतणे बंद करा. बिलाबरोबर सहा पिस्टनांची वजने, सहा बोअरची मापे आणि रिंगांचे गॅप एका कागदावर लिहून मागा. जो उस्ताद तो कागद देऊ शकतो, त्याच्याकडेच इंजिन बांधा, मजुरी हजार-दोन हजारांनी जास्त पडली तरी.